‘सान’ कधी गळतं, ‘गं’ कधी येतं: हळुवार युरी मंगा मराठीत आणताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानी हायस्कूलमधल्या, एकाच वर्गातल्या दोन मुली गुपचूप एकमेकींच्या प्रेमात आहेत, अशा एका हळुवार युरी मंगाचं (मुलींच्या परस्परप्रेमाच्या जपानी चित्रकथेचं) पहिलं प्रकरण, २८ पानं, तुम्ही इंग्रजी आवृत्तीवरून मराठीत केलंत. वाचून पाहणाऱ्या मैत्रिणी म्हणाल्या की अर्धं पाठ्यपुस्तकासारखं वाटतं आणि अर्धं डब केलेल्या मालिकेसारखं. आता तुम्ही विचारताय की कुठले शब्द बदलले म्हणजे मूळचा हळुवारपणा येईल.

शब्द बदलून थोडंच सुधारेल. या प्रकारच्या मंगात जवळजवळ काहीच घडत नाही. दोघी स्टेशनपर्यंत चालत जातात, एका छत्रीत येतात, वर्ग झाडायची पाळी दोघींवर एकदम येते. पानोपानी बदलत असतं ते दोघींमधलं अंतर, आणि तेही बोटभर. जपानीत हे अंतर मोजायची पट्टी भाषेतच आहे: हाक कशी मारली, नावाला काय जोडलं, क्रियापद आदराचं वापरलं की साधं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’ असल्याने यातलं बरंचसं पुसलं जातं. म्हणजे तुमच्या हाती आलेल्या पट्टीवरचे आकडेच गेलेले आहेत आणि तुम्ही तिनेच माप घेताय. मराठीकडे स्वतःची, तितकीच बारीक पट्टी आहे. ती वापरायची तर मूळची मापं आधी शोधून काढावी लागतील.

ती कितपत सापडतील हे परिस्थितीवर अवलंबून आहे. जपानी मूळ पुस्तक हाताशी असेल तर निम्मं काम झालं. जपानी येत नसलं तरी हिरागाना या जपानी लिपीची ४६ मूळ अक्षरं रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत ओळखता येतात. नावाला जोडायचे ‘सान’, ‘चान’ आणि आदराच्या क्रियापदांच्या शेवटी येणारे ‘देसु’, ‘मासु’ या तुम्हाला हव्या असलेल्या खुणा सहसा हिरागानातच छापलेल्या असतात. अर्थ इंग्रजीवरून घ्या आणि अंतर जपानीवरून. मूळ मिळतच नसेल तर इंग्रजी आवृत्तीत निदान ‘सान’, ‘चान’ ठेवलेत का ते पाहा. तेही काढून टाकले असतील तर चित्रांवरून अंदाज करावा लागेल: कोण मान झुकवून बोलते, कोण खांद्याला खांदा लावून उभी आहे. हा अंदाज काही ठिकाणी चुकणार, हे धरूनच चाला.

भाषांतराला हात लावण्याआधी एक तक्ता करा. संवादाच्या प्रत्येक फुग्यासाठी पाच रकाने: कोण बोलते, कोणाशी, कोणाच्या समोर, कोणत्या नावाने हाक मारते, क्रियापद आदराचं की साधं. २८ पानांचा तक्ता एका संध्याकाळी होतो. तो झाला की ज्या ओळींत हाक बदलते त्या अधोरेखित करा. हळुवार मंगाचं कथानक त्या ओळींतच असतं. ‘कोणाच्या समोर’ हा रकाना लोक गाळतात आणि गुपचूप प्रेमाच्या गोष्टीत नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा असतो. त्याच्याकडे पुढे येते.

आता हाका. उदाहरणापुरत्या दोन मुली घेऊ: आसानो मिहो आणि कावासे रिन. जपानी शाळेत ओळख नवी असताना आडनावाला ‘सान’ लावतात: कावासे-सान. जवळीक वाढली की नावाला ‘चान’: रिन-चान. आणि सगळ्यात जवळ नुसतं ‘रिन’, काही न जोडता. या शेवटच्या पायरीला जपानीत वेगळं नावच आहे, योबिसुते. ‘नावाने हाक मारली तर चालेल?’ हा प्रश्न अशा गोष्टीत पूर्ण पान घेतो. मराठीत ही चढण तशीच्या तशी उभी करता येत नाही. आपल्याकडे वर्गातल्या मुली पहिल्या दिवसापासून एकमेकींना नावाने हाक मारतात, आणि ‘ए कुलकर्णी’ म्हणणारी मुलगी लांबची नसते, चांगली खोडकर दोस्त असते. म्हणजे नुसतं आडनाव जपानीत दुरावा दाखवतं आणि मराठीत सलगी. म्हणून ‘कावासे-सान’मधला ‘सान’ काढून नुसतं ‘कावासे’ केलंत की पहिल्याच पानावर दोघी जुन्या मैत्रिणी वाटायला लागतात, आणि पुढे नावाने हाक मारायची परवानगी मागणं हास्यास्पद ठरतं. माझं मत स्पष्ट आहे: ‘सान’, ‘चान’ मराठीत तसेच ठेवा. चार पानांत वाचकाला त्यांची सवय होते.

फक्त ‘चान’च्या उच्चाराची एक ओळ सुरुवातीला छापा. मराठीत च दोन तऱ्हांनी वाचला जातो. ‘चार’ या आकड्यातला च इथे हवा आहे, गुरांच्या ‘चारा’मधला नको. नाहीतर निम्मे वाचक मनातल्या मनात ‘रिन-त्सान’ वाचतील. नावांतले ऱ्हस्व-दीर्घही सांभाळा. युको आणि यूको ही जपानीत दोन वेगळी नावं आहेत. ‘युरी’त पहिला उकार ऱ्हस्व आहे. शेवटची वेलांटी जपानी उच्चाराप्रमाणे ऱ्हस्व हवी होती, पण मराठी लेखनाच्या सवयीप्रमाणे दीर्घ लिहिलेली बरी.

जोडी वर्गमैत्रिणींची नसून पुढच्या वर्गातली आणि मागच्या वर्गातली असेल, तर ‘सेन्पाई’ येतो. इथे ‘ताई’ लिहायचा मोह होईल, कारण शाळेत वरच्या वर्गातल्या मुलीला आपण तेच म्हणतो. लिहू नका. ‘ताई’ म्हटलं की नातं बहिणीचं झालं आणि पुढचं सगळं वाचकाला बोचायला लागतं. ‘सेन्पाई’ तसंच ठेवा. क्रियापदाचं मात्र मराठीत सुंदर जमतं. धाकटी सुरुवातीला ‘देसु-मासु’ लावून बोलते, तिथे ‘तुम्ही’ वापरा: ‘सेन्पाई, तुम्ही थांबलात?’ मूळ पुस्तकात ज्या चौकटीत तिच्या तोंडून पहिल्यांदा साधं क्रियापद निघतं, तिथे ‘तू’ येऊ द्या: ‘तू थांबलीस?’ इंग्रजी भाषांतरकाराला हा क्षण कंसात टीप देऊन समजवावा लागतो. मराठी वाचकाला एका ‘तू’मध्ये कळतो. तुमच्या दोघी एका वर्गातल्या आहेत, तेव्हा त्यांना ‘तुम्ही’ शोभणार नाही. त्यांच्यासाठी ‘तू’च, पहिल्या पानापासून.

मग वर्गमैत्रिणींच्या बाबतीत जवळीक मोजायची कशाने? ‘गं’ने. बाईशी किंवा मुलीशी बोलताना लावायचा हा एक अक्षराचा शब्द जगातल्या फार थोड्या भाषांत असेल, आणि युरीसाठी तो अगदी हवा तसा आहे. पण तो रेशनवर ठेवावा लागतो. बहुतेक नवखे भाषांतरकार पहिल्या पानापासून सगळ्या मुलींच्या तोंडी ‘अगं’ आणि ‘काय गं’ पेरतात, आणि मग खऱ्या जवळिकीच्या वेळी हातात काही उरत नाही. मी असं करते: इतर मुलींच्या गलक्यात ‘अगं’ मोकळेपणाने वापरायचा, कारण तो सगळ्यांचाच आहे. या दोघींमध्ये मात्र तो सुरुवातीला अजिबात नाही. वाक्याच्या शेवटी हळूच येणारा ‘गं’ (‘थांब ना गं’, ‘असं नको बघूस गं’) दोघी एकट्या असताना, नावापुढचं ‘सान’ गळल्यानंतरच पहिल्यांदा येऊ द्यायचा. मोजून पाहा, २८ पानांत असे तीन-चार पुरतात.

आणि आता तो ‘कोणाच्या समोर’वाला रकाना. गुपचूप प्रेमाच्या गोष्टीत दोघींना दोन भाषा बोलाव्या लागतात. लायब्ररीच्या मागच्या जिन्यावर ‘रिन’, वर्गात ‘कावासे-सान’. वर्गात ‘कावासे-सान’ म्हणताना मिहो आधीपेक्षा जास्त औपचारिक होते, कारण ती सांभाळून बोलते आहे. मराठीत ते दाखवायला वर्गातल्या तिच्या वाक्यांतून ‘गं’, ‘ना’, ‘हं’ सगळं काढून टाका. ‘कावासे-सान, वही दे.’ एवढंच. चार फुग्यांपूर्वी ‘दे ना गं’ म्हणणारी मुलगी हे बोलते आहे हे वाचकाला जाणवतं आणि त्याच्या पोटात गुदगुल्या होतात. मग एक दिवस सगळ्यांसमोर चुकून तोंडातून ‘रिन’ निघतं. ती चौकट मूळ चित्रकाराने मोठी काढलेली असेल. तुम्ही आधीची वीस पानं हाकांच्या बाबतीत ढिसाळ राहिलात तर ती मोठी चौकट फुकट जाते.

दुसरी अडचण मराठीची स्वतःची आहे. जपानी क्रियापदाला लिंग नाही. मराठीत ‘मी बघते’ म्हटलं की बोलणारी मुलगी आहे हे उघड झालं. बुटांच्या कप्प्यात निनावी चिठ्ठी सापडते आणि रिनला, वर्गाला, कधी वाचकालाही वाटतं की ती एखाद्या मुलाची असेल, अशा प्रसंगात एक ‘बघते’ सगळं फोडतं. सुदैवाने मराठीत आडोसे पुष्कळ आहेत. भविष्यकाळातल्या ‘मी’ला लिंग नाही: ‘मी वाट पाहीन’, ‘मी येईन’. सकर्मक भूतकाळातही नाही: ‘मी तुला पाहिलं’, ‘मी हे लिहिलं’. आणि ‘मला’वाली रचना तर आहेच: ‘मला सांगायचं होतं’, ‘मला वाटलं’. चिठ्ठी या तीन आडोशांत लिहा. ‘तू मला आवडतेस’ या वाक्यातलं क्रियापद तर ऐकणारीशी जुळतं, बोलणाऱ्याशी नाही. प्रेमाचं कबुलीवाक्यच बोलणाऱ्याला झाकून ठेवतं, हे मराठीचं देणं आहे.

तसाच दुसरा नेहमीचा प्रसंग. मैत्रिणी विचारतात, ‘तुला कुणी आवडतं का?’ जपानीत ‘आवडणारं माणूस’ असा शब्दप्रयोग आहे आणि त्यावरून मुलगा की मुलगी काही कळत नाही. इंग्रजी आवृत्तीत बहुतेक वेळा ‘समवन’ असतं आणि त्यावरून लोक मराठीत ‘कोणी मुलगा’ करून बसतात. ‘व्यक्ती’ लिहिलंत तर व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे, झाकतंही छान, पण सोळा वर्षांची मुलगी डबा खाताना ‘व्यक्ती’ म्हणत नाही. ‘कुणीतरी आहे’ एवढ्यावर बरंच निभावतं. आणि जिथे माया दाखवायची आहे तिथे आपल्याकडे ‘माझं माणूस’ आहे. नपुंसकलिंगी, घरगुती, आणि ऐकताना उबदार. रिन खिडकीबाहेर बघत ‘आहे एक माझं माणूस’ म्हणते आणि मिहो दोन बाकं पलीकडे बसून ते ऐकते, एवढ्यात सगळं आलं.

पाठ्यपुस्तकी वास कुठून येतो हे आता सांगता येईल. इंग्रजीला दर वाक्यात कर्ता लागतो, म्हणून तुमच्या मजकुरात ‘मी’ आणि ‘तू’ यांची रांग लागली असणार. जपानी कर्ता गाळते. मराठीही गाळते, कारण क्रियापदच सांगतं. ‘मी आता जाते, तू उद्या येशील का?’ऐवजी ‘जाते हं. उद्या येशील?’ पेन्सिल घेऊन बसा आणि तीनपैकी दोन ‘मी’, ‘तू’ खोडा. एवढ्यानेच निम्मी पानं मोकळा श्वास घेतील. डब केलेल्या मालिकेचा वास बहुतेक एका वाक्यातून येतो: ‘मी तुझ्यावर प्रेम करते.’ हे हिंदीवरून आणि इंग्रजीवरून आलेलं वाक्य आहे. मराठीत प्रेम ‘असतं’ किंवा माणूस ‘आवडतं’.

इथे ‘सुकी’ या शब्दाबद्दल थोडं थांबते. कबुलीच्या क्षणी या मुली बहुतेक वेळा ‘सुकी’ किंवा ‘दाइसुकी’ म्हणतात. हाच शब्द आइस्क्रीमला चालतो, मांजराला चालतो आणि प्रेमालाही. इंग्रजीला ‘लाइक’ की ‘लव्ह’ ते ठरवावं लागतं आणि कुठलंही ठरवलं तरी थोडं चुकतं. मराठीला ठरवावं लागत नाही. ‘मला पेरू आवडतो’ आणि ‘तू मला आवडतेस’, शब्द तोच. ‘प्रेम’ हा शब्द पूर्ण मालिकेत एकदा, फार तर दोनदा लागेल. तो शेवटच्या खंडासाठी राखा.

या शब्दावरचा गमतीचा प्रसंगही मराठीत जमतो. दोघी बोलत असतात, मिहो ‘खूप आवडते’ म्हणते, आणि तेवढ्यात दारात वर्गशिक्षिका. ‘काय आवडते?’ आता सारवासारव करायला स्त्रीलिंगी वस्तू लागेल. मूळ जपानीत तिने ‘आइस्क्रीम’ म्हटलेलं असेल तर मराठीत ‘आवडते’शी ते जुळत नाही. लायब्ररी, खिडकीतली जागा, शाळेची बाग, असं चित्रात आसपास दिसणारं काहीतरी स्त्रीलिंगी उचला.

कबुलीच्या पानावर मराठीला आणखी एक लाभ आहे, तो वाया घालवू नका. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि चित्रकार त्यावर पान बेततो. पान उलटण्याच्या आधीच्या चौकटीत ‘मला, कावासे-सान, तू…’ आणि उलटल्यावर नुसतं ‘आवडतेस.’ इंग्रजीत क्रियापद आधी येतं, म्हणून तिथे हा श्वास मोडतो. तुमच्या इंग्रजी प्रतीत वाक्य जिथे तुटलंय तिथे तोडू नका. मूळ पानावर शेवटच्या फुग्यात किती अक्षरं आहेत ते पाहा. दोन-तीनच असतील तर तिथे क्रियापद एकटं आहे.

कबुलीचा दुसरा भाग, ‘त्सुकिआत्ते कुदासाई’, अवघड आहे. शब्दशः ‘माझ्याबरोबर राहा, सोबत करा’, आणि रूढ अर्थ ‘आपण जोडी होऊ या’. दुकानापर्यंत सोबत येण्यालाही हाच शब्द, त्यामुळे गैरसमजाचे प्रसंग यावर रचले जातात. ‘प्रपोज’ हा शब्द मराठी मुली रोज वापरतात आणि मैत्रिणींच्या चर्चेत तो बिनदिक्कत ठेवा: ‘तिने प्रपोज केलं?’ पण प्रत्यक्ष विचारताना ‘माझी गर्लफ्रेंड होशील?’ हे या मुलींच्या तोंडी कर्कश वाटतं. ‘सोबत करशील?’ चालेल. रात्री घरापर्यंत सोबत करणं आणि जन्माची सोबत, दोन्ही त्यात आहे. ‘लफडं’, ‘भानगड’, ‘चक्कर’ कोणाच्याच तोंडी नकोत, अगदी चेष्टेतही. त्यांत आधीच निवाडा भरलेला आहे आणि मूळ मंगा तो निवाडा करत नाही.

‘मैत्रीण’ या शब्दाशी जपून वागा, आणि यासाठी थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा. योशिया नोबुको यांच्या ‘हाना मोनोगातारी’ या कथा १९१६ ते १९२४ या काळात मुलींच्या मासिकात क्रमशः आल्या. त्या काळच्या मुलींच्या शाळांतल्या उत्कट जोड्यांना ‘एस’ म्हणत, ‘सिस्टर’चं आद्याक्षर. हे नातं समाजाला चालायचं, कारण शाळा संपली की ते संपणार असं सगळ्यांनी धरलेलं होतं. ‘युरी’ म्हणजे लिली. स्त्रियांच्या परस्परप्रेमासाठी हा शब्द १९७० च्या दशकात, ‘बाराझोकु’ या समलिंगी पुरुषांच्या मासिकाचे संपादक इतो बुनगाकु यांच्यामुळे रुजला. २००५ पासून ‘कॉमिक युरी हिमे’ हे खास युरीचं नियतकालिक निघतं. आजच्या हळुवार मंगात दोघी लपवतात, पण स्वतःशी खोटं बोलत नाहीत आणि शाळेबरोबर नातं संपेल असं धरतही नाहीत. तुम्ही सगळीकडे ‘जिवलग मैत्रीण’ लिहिलंत तर वाचकाला शंभर वर्षांपूर्वीच्या चौकटीत परत ढकललंत. ‘मैत्रीण’ तिथेच, जिथे त्या दुसऱ्यांना सांगतात.

आपल्याकडेही दोन मुली गळ्यात हात टाकून रस्त्याने गेल्या तर कुणी वळून पाहत नाही. म्हणून मराठी वाचकाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही: यांचं गुपित स्पर्शाने फुटत नाही, शब्दाने फुटतं. व्हॅलेंटाइनच्या दिवशी, १४ फेब्रुवारीला, जपानी मुली मैत्रिणींनाही चॉकलेटं वाटतात, त्याला ‘तोमोचोको’ म्हणतात. सगळ्यांसमोर रिनला चॉकलेट देण्यात काही धोका नाही. धोका त्यावरच्या चिठ्ठीत आहे. भाषांतरात तो ताण शब्दांवर ठेवा, हात धरण्याच्या चौकटीवर ‘अरे देवा!’ वगैरे भर घालू नका. आणि दुःखाची छटाही स्वतःहून वाढवू नका. मराठीत या विषयाची आठवण निघाली की बऱ्याच जणांना १९८१ चं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक आठवतं आणि हात आपोआप शोकांतिकेकडे जातो. हा मंगा तसा नाही. यात पोटात गोळा येतो तो चाचणी परीक्षेसारखा, आणि पुढच्या पानावर विरघळतो.

नादशब्दांत मराठी श्रीमंत आहे, पण एकास एक जोडी लावू नका, प्रसंग पाहा. ‘दोकी दोकी’ला धडधड ठीक. एकटं ‘दोकी’ मात्र दोन प्रकारचं असतं. पकडल्या जाण्याच्या भीतीचं असेल तर ‘धस्स’, अचानक ती समोर आल्याचं असेल तर ‘धक’. हे दोन उलटसुलट झाले की प्रेमाच्या जागी भीती येते. हात घट्ट धरल्याच्या ‘ग्यु’ला नुसतं ‘घट्ट’. शांततेच्या ‘शीSन’ला ‘चिडीचूप’ नको, त्यात धाक आहे. ‘सामसूम’ किंवा काहीच नाही. ‘झाSS’ पाऊस म्हणजे धो धो, आणि छत्रीच्या पानावरचा ‘शितो शितो’ म्हणजे रिपरिप. जपानी शाळेची घंटा ही सुरांची असते, ‘किन कोन कान कोन’. ‘टण टण’ लिहिलंत तर शिपाई लोखंडी तुकड्यावर ठोका देतोय असं दिसतं. ‘डिंग डाँग’ करा. दुपारच्या उन्हातला ‘मीन मीन’ हा झाडावरच्या सिकाडा या किड्याचा आवाज आहे, त्याचे रातकिडे करू नका, भरदुपारी रात्र होते.

शाळेच्या तपशिलात एकच मोठा खड्डा आहे. जपानी हायस्कूल तीन वर्षांचं, साधारण १५ ते १८ वयाचं, आणि वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. पहिलं वर्ष हिशेबाने आपल्या दहावीला येतं, पण ‘दहावी’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोक्यात बोर्डाची परीक्षा आणि आईचा आवाज सुरू होतो. दुसरं-तिसरं वर्ष ‘ज्युनियर कॉलेज’ केलंत तर गणवेश आणि वर्ग झाडणं खोटं वाटतं. ‘हायस्कूलचं पहिलं वर्ष’ असंच लिहा. गणवेश जूनमध्ये उन्हाळी आणि ऑक्टोबरमध्ये हिवाळी होतो, त्यावरून चित्रातला महिना ओळखता येतो. संवादात ऋतूचा उल्लेख असेल तर ताडून पाहा.

आता अक्षरं बसवण्याबद्दल, कारण चांगला संवाद इथे मरतो. पानं आरशासारखी उलटवू नका. उलटवली की उजव्या हाताने लिहिणारी डावखुरी होते आणि उत्सवाच्या पानावरच्या किमोनोची डावी बाजू उजवीखाली जाते, जशी जपानमध्ये फक्त मृताला नेसवतात. पुस्तक उजवीकडून वाचायचं, फुग्यातलं वाक्य डावीकडून. यामुळे दोन फुग्यांत तुटलेलं लांब वाक्य मराठी डोळ्याला अडखळवतं, म्हणून कबुलीसारखी मुद्दाम तोडलेली जागा सोडून प्रत्येक फुगा स्वतंत्र वाचता येईल असा ठेवा.

मूळ फुगे उभ्या लिखाणासाठी काढलेले, म्हणून उंच आणि अरुंद. ‘विचारल्यासारखं’ असा एक शब्द अख्खी ओळ खातो. शब्द मधे तोडू नका, वाक्य बदला. ओळी मधे रुंद, वर-खाली अरुंद. चार-पाच ओळी, ओळीत दोन-तीन शब्द, एवढ्यात बसत नसेल तर वाक्य लांब आहे. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या सव्वापट तरी लागतं. छापील पुस्तक ब-६ आकाराचं, म्हणजे १२८ × १८२ मिलिमीटर असेल, तर ८ ते ९ पॉइंटच्या खाली जाऊ नका. संवादाला ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ हे मोफत मिळणारे फाँट चालतात, मनातल्या बोलण्याला ‘कलम’. कुठलाही घ्या, आधी ‘लाल शाल दुसऱ्या कुऱ्हाडीला’ असं काहीतरी टाइप करून पाहा. ल आणि श मराठी वळणाचे यायला हवेत, आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’मधला अर्धा र नीट बसायला हवा. ल-श हिंदी वळणाचे आले तर मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडा. काही फाँट तेवढ्याने वळण बदलतात. जोडाक्षरं फुटत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसत असेल तर चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींची मजकूर-रचना चालू केलेली नाही.

हे सगळं स्वतःच्या सरावासाठी, मैत्रिणींना दाखवण्यासाठी असेल तोवर ठीक. इंटरनेटवर टाकायचं किंवा छापायचं असेल तर आधी हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. मंगाच्या बाबतीत विचारणा सहसा जपानी प्रकाशकाच्या परदेशी हक्क विभागाकडे करतात. परवानगी मागताना सोबत द्यायला तयार पानं लागतातच, त्यामुळे ही मेहनत कामी येईल.

पुन्हा सुरू करताना पान १ पासून करू नका. तक्त्यात जिथे पहिल्यांदा ‘सान’ गळतं ते पान आधी करा. त्यात ‘रिन’ हा एक शब्द हवा तसा ऐकू येईपर्यंत थांबा, मग तिथून मागे मागे जात पहिल्या पानाकडे या, म्हणजे त्याच्या आधी किती राखून ठेवायचं ते कळतं. झालेला मजकूर दोघींनी दोन पात्रं वाटून मोठ्याने वाचा, चित्र न बघता. वर्गातली वाक्यं आणि जिन्यावरची वाक्यं आवाजात वेगळी झाली नाहीत, तर त्या जागी अजून एखादा ‘ना’ किंवा ‘गं’ काढायचा राहिलाय.